कागदपत्रांवर बारकोड छापताना: स्कॅनरने पहिल्या झटक्यात वाचावा म्हणून

पतसंस्थेतली कर्जप्रकरणं, महाविद्यालयातले प्रवेश अर्ज, दवाखान्यातले केसपेपर. कागदांचा आकडा हजारांत गेला की प्रत्येक कागदाचा क्रमांक हाताने टाइप करणं नकोसं होतं, आणि एखादा आकडा इकडचा तिकडे झाला की भलत्याच माणसाची फाईल उघडते. मग कुणीतरी सुचवतं, बारकोड लावू. इंटरनेटवर एखादं बारकोडचं चित्र तयार होतं, ते वर्डमध्ये चिकटवून कोपऱ्यात मावेल इतकं लहान केलं जातं आणि छपाई सुरू होते. थोड्याच दिवसांत काउंटरवरचे लोक स्कॅनर बाजूला ठेवून पुन्हा आकडे टाइप करू लागतात, आणि खापर स्कॅनरवर फुटतं.

स्कॅनरचा दोष क्वचितच असतो. बारकोड वाचला जाणार की नाही हे छपाईच्या आधी ठरतं: क्रमांक किती लांब आहे, सर्वांत बारीक रेघ प्रिंटरच्या किती ठिपक्यांची आहे आणि दोन्ही टोकांना कोरी जागा किती सोडली आहे. या तीन गोष्टी नीट केल्या तर साध्या कागदावर, साध्या लेझर प्रिंटरवर, स्वस्तातल्या स्कॅनरने उत्तम काम होतं. इथे उदाहरण पतसंस्थेच्या कर्ज फायलींचं घेतलं आहे, पण हीच पद्धत कुठल्याही कार्यालयाला लागू पडते.

क्रमांक आधी ठरवा

रेघांच्या बारकोडमध्ये माहिती भरायची नसते, फक्त ओळख भरायची असते. कर्जदाराचं नाव, रक्कम, तारीख हे सगळं संगणकात राहू दे. कागदावर त्या नोंदीचा क्रमांक पुरे. नाव-पत्ता कागदावरच कोंबायचा असेल तर क्यूआर कोड वापरा, रेघांच्या बारकोडचं ते काम नाही. शिवाय या बारकोडमध्ये देवनागरी बसतच नाही. अक्षरं तर नाहीतच, पण देवनागरी आकडेही नाहीत. आपल्याकडे आवक-जावक क्रमांक सर्रास मराठी आकड्यांत लिहिले जातात, आणि एक्सेलच्या यादीत तसेच आकडे असतील तर बारकोड तयारच होणार नाही किंवा चुकीचा तयार होईल. ज्या रकान्यातून बारकोड बनवायचा, तिथे इंग्रजी आकडेच हवेत. कागदावर वाचायला मराठी आकडे वेगळे छापायला काहीच हरकत नाही.

कर्ज फाईलसाठी मी दहा आकडी क्रमांक सुचवेन: दोन आकडे शाखेचे, दोन वर्षाचे, पाच अनुक्रमाचे आणि शेवटचा एक तपासणीचा. म्हणजे शाखा १३, वर्ष २५, अनुक्रम ००४१७ असेल तर मूळ क्रमांक १३२५००४१७. तपासणी अंक काढण्याची सोपी रीत अशी: उजवीकडून सुरुवात करून आकड्यांना आळीपाळीने ३ आणि १ ने गुणा, बेरीज करा आणि पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते पाहा. इथे बेरीज ५१ येते, साठाला ९ कमी, म्हणून तपासणी अंक ९ आणि पूर्ण क्रमांक १३२५००४१७९. बेरीज नेमकी दहाच्या पटीत आली तर तपासणी अंक शून्य.

बारकोडमध्ये स्वतःची तपासणी असताना हा अंक कशाला, असं वाटेल. तो हाताने टाइप करण्याच्या वेळेसाठी आहे. कागद फाटेल, भिजेल, तेव्हा कुणीतरी तो क्रमांक बघून टाइप करणारच, आणि त्या वेळी चूक पकडायला हाच अंक उपयोगी पडतो. स्पीड पोस्टच्या पावतीवरचा तेरा चिन्हांचा क्रमांक पाहा: दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरं. त्या नऊ आकड्यांतला शेवटचा असाच तपासणी अंक असतो.

शाखेचा क्रमांक शून्याने सुरू करू नका. एक्सेल सुरुवातीचं शून्य गिळतं आणि दहा आकडी क्रमांक नऊ आकडी होतो. क्रमांक अकरा आकड्यांहून लांब केला तर एक्सेल तो दशांश आणि घातांकाच्या रूपात दाखवू लागतं, आणि पंधरा आकड्यांपलीकडचे आकडे तर शून्य करून टाकतं. म्हणून क्रमांकाचा रकाना आकडे भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा.

कोणता बारकोड घ्यावा

कागदपत्रांसाठी कोड १२८ घ्या. बाकीचे प्रकार ओळखून ठेवायचे ते एवढ्यासाठी, की कुणी सुचवले तर नाही का म्हणायचं ते कळावं.

कोड ३९ हा १९७४ चा, जुना आणि अजून सगळीकडे दिसणारा. फॉन्टने पटकन बनतो, पुढे-मागे तारकेची खूण (*) टाकली की झालं, म्हणून लोकप्रिय. पण त्यात फक्त इंग्रजी कॅपिटल अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं बसतात, तपासणी अंक ऐच्छिक असतो, आणि तो जागा फार खातो. इंटरलीव्ह्ड टू ऑफ फाइव्ह हा प्रकार फक्त आकड्यांसाठी आहे आणि आटोपशीर आहे, पण त्याचा एक धोका गंभीर आहे: स्कॅनरचा किरण तिरका जाऊन रेघांचा काही भागच ओलांडला, तरी तो अपुरा क्रमांक पूर्ण समजून स्वीकारला जाऊ शकतो. न वाचणारा बारकोड त्रास देतो, चुकीचा वाचला जाणारा बारकोड नुकसान करतो. दुकानातल्या मालावरचा ईएएन-१३ इथे आणूच नका. ते क्रमांक जीएस१ या संस्थेच्या व्यवस्थेतून मिळतात आणि विक्रीच्या मालासाठी असतात. भारतीय कंपन्यांना दिलेल्या क्रमांकांची सुरुवात ८९० ने होते ती त्याच व्यवस्थेतून.

कोड १२८ हा १९८१ पासून वापरात आहे. त्यात तपासणी चिन्ह सक्तीचं असतं, ते सॉफ्टवेअर आपोआप घालतं आणि खालच्या आकड्यांत ते दिसत नाही. त्याचा खरा फायदा ‘सी’ या संचात आहे. या संचात दोन आकडे मिळून एकाच चिन्हात बसतात, त्यामुळे सम संख्येचे आकडे असलेला क्रमांक जवळजवळ निम्म्या जागेत मावतो. आपण दहा आकडे घेतले ते म्हणूनच.

हिशेब करून पाहू. बारकोडमधल्या सर्वांत बारीक रेघेची रुंदी म्हणजे एक एकक. कोड १२८ मध्ये प्रत्येक चिन्ह ११ एककांचं असतं. सुरुवात, तपासणी आणि शेवट मिळून आणखी ३५ एककं लागतात. दहा आकडे ‘सी’ संचात म्हणजे पाच चिन्हं, एकूण ९० एककं. तेच आकडे ‘बी’ संचात एकेक करून बसवले तर १४५. कोड ३९ मध्ये, जाड रेघ बारीक रेघेच्या तिप्पट धरली तर, १९१. तेवढ्याच जागेत ‘सी’ संचाची बारीक रेघ कोड ३९ च्या दुपटीहून जाड छापता येते, आणि जाड रेघ म्हणजेच निर्धोक वाचन.

तुमचं सॉफ्टवेअर ‘सी’ संच वापरतं की नाही हे तपासायचं असेल तर दहा आकड्यांचा आणि दहा अक्षरांचा असे दोन बारकोड एकाच मापात बनवा. आकड्यांचा बारकोड चांगलाच आखूड यायला हवा. दोन्ही सारखे लांब आले तर दुसरं सॉफ्टवेअर शोधा.

रेघ ठिपक्यांत मोजा

सगळ्यात जास्त बारकोड इथे बिघडतात, आणि नेमका हाच भाग सांगायचा राहून जातो.

प्रिंटर ठिपक्यांनी छापतो. ६०० डीपीआयच्या, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके छापणाऱ्या, लेझर प्रिंटरचा एक ठिपका साधारण ०.०४२ मिमी, ३०० डीपीआयचा ०.०८५ मिमी, आणि लेबल छापणाऱ्या २०३ डीपीआयच्या थर्मल प्रिंटरचा ०.१२५ मिमी. अर्धा ठिपका छापता येत नाही. तुमची बारीक रेघ हिशेबाने ५.८ ठिपक्यांची आली तर प्रिंटर काही ठिकाणी पाच छापेल, काही ठिकाणी सहा. कोड १२८ मध्ये रेघा आणि फटी एक, दोन, तीन किंवा चार एककांच्या असतात आणि स्कॅनर त्यांच्या प्रमाणावरूनच चिन्ह ओळखतो. प्रमाण डळमळलं की ओळख डळमळते. डोळ्यांना तो बारकोड अगदी स्वच्छ दिसतो, म्हणूनच दोष सापडत नाही.

म्हणून एकक पूर्ण ठिपक्यांत ठरवा. ए-४ कागदावर जागेची टंचाई नसते, तेव्हा मी ०.३४ मिमीच्या आसपास राहीन: ३०० डीपीआयवर चार ठिपके किंवा ६०० वर आठ. आपला ९० एककांचा बारकोड त्यात साधारण ३०.५ मिमी लांब होतो. जागा खरंच कमी असेल तर ०.२५ मिमीपर्यंत खाली या, म्हणजे ३०० वर तीन ठिपके, ६०० वर सहा, २०३ वर दोन. मग लांबी साधारण २३ मिमी. साध्या कार्यालयीन कागदावर याहून खाली जाऊ नये.

एवढं करून छपाईच्या शेवटच्या क्षणी सगळं वाया जाऊ शकतं. पीडीएफ छापताना ‘फिट टू पेज’ निवडलेलं असतं आणि पान ९६-९७ टक्क्यांवर येतं. सहा ठिपक्यांची रेघ ५.८ ची होते ती तिथेच. नेहमी ‘अॅक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के निवडा, आणि शक्य असेल तर कार्यालयातल्या सगळ्या संगणकांवर ते कायमचं करून ठेवा. छापलेल्या कागदावर पट्टी ठेवून लांबी मोजायची सवय लावा, ३०.५ मिमी हवी तिथे २९.५ आली तर कुठेतरी पान आकसलं आहे.

चित्र कोपरा धरून ओढून लहान-मोठं करू नका. वेगळं माप हवं असेल तर बारकोड नव्याने बनवा. जेपीईजी टाळा, त्यात रेघांच्या कडा धूसर होतात. एसव्हीजी किंवा तत्सम रेखाचित्राचं रूप उत्तम, नाहीतर प्रिंटरच्याच डीपीआयला बनवलेलं पीएनजी. आणि नमुना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवून तोच छापायला घेण्याची पद्धत आधी बंद करा. पाठवायचाच असेल तर पीडीएफ, आणि तीही ‘डॉक्युमेंट’ म्हणून.

कोरी जागा

बारकोडच्या डाव्या आणि उजव्या टोकाला किमान दहा एककं पांढरी जागा लागते. स्कॅनरला बारकोड कुठे सुरू झाला हे त्या कोऱ्या जागेवरूनच कळतं. आपल्या मापात ती ३.४ मिमी, सरळ पाच मिमी सोडा. तक्त्याची चौकट, ‘फक्त कार्यालयीन वापरासाठी’ची उभी रेघ, शेजारचं बोधचिन्ह यांपैकी काहीही त्या जागेत येऊ नये. बारकोडभोवती सुंदर चौकट काढायचा मोह अनेकांना होतो. चौकट काढायचीच तर ती या कोऱ्या जागेच्या बाहेर ठेवा.

उंची लांबीच्या किमान १५ टक्के असावी असा संकेत आहे, पण हातातल्या स्कॅनरसाठी १० ते १२ मिमी ठेवलेली बरी. उंची वाढवल्याने रेघ जाड होत नाही, पण स्कॅनर तिरका धरला तरी किरण सगळ्या रेघा ओलांडतो आणि एखादा डाग पडला तरी त्याच्या वरून-खालून वाचायला जागा उरते. खाली क्रमांक ठळक आकड्यांत छापलाच पाहिजे.

बनवायचा कशाने

झिंट हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. त्यात एककाचं माप ठरवता येतं आणि एकदम अनेक बारकोड बनवता येतात. मला त्याचा भरवसा सर्वांत जास्त वाटतो. वर्डमध्ये २०१३ च्या आवृत्तीपासून ‘डिस्प्लेबारकोड’ नावाचं फील्ड आहे: कंट्रोल आणि एफ-९ दाबून महिरपी कंस आणा, त्यात फील्डचं नाव, अवतरणचिन्हांत क्रमांक आणि पुढे प्रकाराचं नाव लिहा. मेल मर्जसाठी ‘मर्जबारकोड’ आहे, त्यात क्रमांकाऐवजी एक्सेलच्या रकान्याचं नाव द्यायचं. शंभर सूचनापत्रांवर शंभर वेगळे बारकोड छापायला ही सोय चांगली आहे. लांबी मात्र पट्टीने मोजून पाहा.

लिब्रे बारकोड या नावाचे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात. कोड ३९ चा फॉन्ट सरळ चालतो. कोड १२८ चा तसा चालत नाही. नुसता क्रमांक टाइप करून फॉन्ट बदलला तर रेघा दिसतील, पण सुरुवातीचं, तपासणीचं आणि शेवटचं चिन्ह त्यात नसल्याने स्कॅनर त्याकडे ढुंकूनही बघणार नाही. ती चिन्हं आधी सूत्राने जोडावी लागतात.

पानावर कुठे

फाईलला लागणारा कागद डावीकडे पंच होतो, वर डाव्या कोपऱ्यात स्टेपल होतो, मध्ये दुमडला जातो, आणि खाली उजवीकडे सही-शिक्का येतो. उरतो वरचा उजवा कोपरा, कडांपासून किमान १५ मिमी आत. तिथेच छापा आणि सगळ्या नमुन्यांवर तीच जागा ठेवा, म्हणजे स्कॅन करणाऱ्याचा हात आपोआप तिकडे जातो.

रेघा काळ्या आणि कागद पांढरा असावा. हातातले पुष्कळ स्कॅनर लाल प्रकाश वापरतात आणि त्या प्रकाशात लाल, नारिंगी रंग पांढऱ्यासारखेच दिसतात. संस्थेचा रंग लाल आहे म्हणून लाल रेघा छापल्या तर त्या स्कॅनरला कोरा कागद दिसेल. याच कारणाने निळ्या शाईचा शिक्का बारकोडवर पडला तर तो नासतो, लाल शाईचा पडला तर बऱ्याचदा निभावतो. तरीही आवक शिक्क्यासाठी नमुन्यावर वेगळा चौकोन आखून द्या. जागा दिसली नाही की शिक्का बारकोडवर बसतोच.

प्रिंटर आणि कागद

लेझर प्रिंटर सर्वांत चांगला. टोनर वाचवणारा ‘ड्राफ्ट’ पर्याय बंद ठेवा, त्यात काळा रंग जाळीदार होतो. इंकजेटची शाई हलक्या कागदात पसरते, रेघा जाड होतात आणि फटी बुजतात. पावसाळ्यात दमट कागदावर तर हे अधिकच होतं. इंकजेटशिवाय पर्याय नसेल तर एकक जाड घ्या. थर्मल कागदाची पावती उन्हाने, उष्णतेने काळवंडते किंवा फिकी पडते, म्हणून वर्षानुवर्षं ठेवायच्या फाईलवर तिचा भरवसा धरू नका. थर्मल लेबल लावायचंच असेल तर कागद ज्या दिशेने बाहेर येतो त्या दिशेला समांतर रेघा ठेवा. आडव्या रेघांच्या कडा फरकटतात.

चकचकीत सेलोटेप बारकोडवर चिकटवू नका. प्रकाश परावर्तित होऊन स्कॅनर दिपतो. लॅमिनेशन केलेल्या ओळखपत्रावर लेझर स्कॅनर अगदी काटकोनात न धरता थोडा तिरका धरला की काम होतं. झेरॉक्सची झेरॉक्स मात्र बारकोडचा जीव घेते. कोऱ्या अर्जाची मूळ पीडीएफ जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी तिच्यावरूनच छापा.

स्कॅनर जोडताना

यूएसबी स्कॅनर संगणकाच्या लेखी कीबोर्डच असतो. तो आकडे टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो. यातून आपल्याकडे एक खास अडचण येते. संगणक मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर असेल तर स्कॅनरने पाठवलेलं कॅपिटल के हे ‘ख’ होऊन उमटतं, एच ‘फ’ होतो, एल ‘थ’ होतो. ‘स्कॅनर वेड्यासारखं लिहितोय’ अशी तक्रार आली की आधी भाषेची कळ पाहा. कॅप्स लॉक चालू राहिला तर लहान-मोठी अक्षरंही उलटतात. क्रमांकात अक्षरं न घेता निव्वळ आकडे घेण्याचं हे आणखी एक कारण.

स्कॅनरसोबत आलेल्या पुस्तिकेत सेटिंगचे बारकोड छापलेले असतात. त्यांतून कोड १२८ सोडून बाकीचे प्रकार बंद करा, आणि सोय असेल तर लांबी दहावर पक्की करा. मग शेजारच्या औषधाच्या खोक्यावरचा बारकोड चुकून कर्जाच्या नोंदीत घुसणार नाही.

कागदांचा गठ्ठा फीडरमधून स्कॅन करून संगणकाने बारकोडवरून फाईल ओळखायची असेल, तर ३०० डीपीआयला, काळ्या-पांढऱ्यात किंवा ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा. ०.३४ मिमीचं एकक म्हणजे चार पिक्सेल, ते पुरेसं आहे. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. फीडरच्या काचेवर धुळीचा कण बसला की प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ येते. बारकोडच्या रेघा कागद सरकण्याच्या दिशेला समांतर असतील तर ही खोटी रेघ एखाद्या फटीत पूर्ण उंचीभर बसते आणि तो बारकोड गेला. बारकोड ९० अंशांत फिरवून छापला तर तीच रेघ सगळ्या रेघांना एकाच उंचीवर छेदते, आणि बाकी उंची वाचायला मोकळी राहते. गठ्ठ्याने स्कॅन होणाऱ्या नमुन्यांवर बारकोड असाच फिरवून ठेवावा असं माझं मत आहे. आणि काच रोज सकाळी पुसावी.

छपाईआधीची चाचणी

मोबाइलने वाचला म्हणून बारकोड चांगला ठरत नाही. मोबाइलचा कॅमेरा आणि त्यामागचं सॉफ्टवेअर खराब बारकोडही समजून घेतं. कार्यालयातला सर्वांत जुना, सर्वांत साधा स्कॅनर घ्या आणि वीस वेगवेगळ्या क्रमांकांची पानं छापून प्रत्येक पान एकदाच स्कॅन करा. एकही पान दुसऱ्यांदा स्कॅन करावं लागलं तर माप वाढवा. मग त्यांतली काही पानं चुरगळा, दुमडा, एकदा झेरॉक्स करा आणि पुन्हा वाचून पाहा. स्क्रीनवर आलेला क्रमांक छापलेल्या क्रमांकाशी आकडा आकडा ताडून बघा. बीप वाजली एवढ्यावर थांबू नका. मोठ्या प्रमाणावर बाहेरून छापून घेणार असाल तर आयएसओ/आयईसी १५४१६ या मानकाप्रमाणे प्रतवारी मागा. त्यात ए, बी, सी, डी आणि नापासाचा एफ अशा श्रेणी असतात. कागदपत्रांसाठी बी किंवा त्याहून वर घ्या, सी श्रेणीला हाताळणीची झीज सोसत नाही.

चाचणी उतरली की एकक, ठिपके, लांबी, प्रिंटरचं सेटिंग आणि मूळ फाईलची जागा एका कागदावर लिहून प्रिंटरजवळ लावा. कार्ट्रिज बदललं, कागदाची नवी रीम काढली किंवा नवा माणूस छपाईला बसला, की पहिली पाच पानं स्कॅन करून मगच गठ्ठा सोडा.